अकोल्याची आत्या

अमरावती

प्रवासाहून आलेलं माणूस ताजंतवानं दिसावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी वऱ्हाडातून आले ती दमून, आणि खरं सांगायचं तर गेले होते तीही दमूनच. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि हातात थर्मोकोलचा एक डबा, जो कुठेही आडवा ठेवायचा नाही. त्यात ऑक्टोबर. पाऊस गेलाय, थंडी यायचीय, आणि मधल्या काळात सूर्यानं कोणाचं तरी उट्टं काढावं तसं ऊन.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी माणसाच्या मेंदूची जुनी गोष्ट वाचते. हाडांवरून नाही, जनुकांवरून. आपली जनुकं, चिंपांझीची जनुकं आणि हजारो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या आपल्या चुलत जातींच्या हाडांतून मिळालेली जनुकं, अशी शेजारी शेजारी मांडायची आणि अक्षर कुठे बदललंय ते शोधायचं. पण बदललेलं अक्षर काय काम करतं हे नुसत्या मांडणीतून कळत नाही. ते कळतं, जिथे ते काम थांबलंय तिथे. म्हणजे एखाद्या घरात, एखाद्या माणसात. दर्यापूरच्या अलीकडच्या एका गावात अशी एक बाई होती, जन्मापासून डोकं लहान असलेली. तिच्या घरच्यांचं रक्त आमच्याकडे आधीच येऊन गेलं होतं आणि बिघाडही सापडला होता.

सापडला तो मात्र विचित्र. आईकडून आलेली प्रत आणि बापाकडून आलेली प्रत, दोन्हींत तंतोतंत तोच बिघाड, आणि आजूबाजूचा भलामोठा मजकूरही सारखा. आमचे आकडे सांगत होते की हे एका घरातून आलंय. फोनवर विचारलं तर घरचे सांगत होते, नात्यात लग्न अजिबात नाही. दोहोंचा मेळ बसेना. घरच्यांना निकाल सांगायला आमच्या डॉक्टरीणबाई जाणार होत्या, त्यांना ऐनवेळी ताप भरला, आणि डबा माझ्या हातात आला.

अमरावतीला उतरल्यावर आधी पोट. राजकमल चौकाजवळच्या एका गाडीवर गिलावडा मागितला. दह्यात भिजलेला वडा, वर लाल तिखट, चटणी. गाडीवाल्यानं विचारलं, "वरून सांभार टाकू काय?"

"नको बाबा. दह्यावर सांभार कसलं?"

"आत्ता आणला मॅडम, हिरवागार हाय. पाहा त खरं." त्यानं कोथिंबिरीची जुडी माझ्या नाकासमोर धरली. इथे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. चाळीस वर्षं शिकलेली बाई कोथिंबिरीला नाही म्हणाली, म्हणून शेजारचे दोघे मनमोकळे हसले. मीही हसले. वडा झकास होता, आणि तिखट असं की कानांतून वाफ निघावी. शब्द आपलाच, वस्तू भलतीच. हा धडा तिथेच नीट गिरवला असता तर पुढचा एक दिवस वाचला असता, पण मी हात धुतले आणि जीप गाठली.

वलगावच्या पुढे

काळीपिवळीत नऊ माणसं बसली की ती भरली असं मला वाटत होतं. वलगावला आणखी तीन चढली. दोन्हीकडे काळी जमीन, कापसाची बोंडं नुकती फुटू लागलेली, आणि सोयाबीन काढून झालेल्या शेतांत मळणीयंत्रं धूळ ओकत होती. ती धूळ घशात जाते आणि राहते. मी डबा मांडीवर धरून शिंकत होते.

शेजारच्या बाईंना राहवेना. "डब्यात आइसक्रीम हाय काय?"

"नाही हो. रिकाम्या नळ्या आहेत."

"रिकाम्याच, त एवढं जपून कावून धरून राहिल्या?"

"त्यात थुंकी भरून न्यायचीय. एका घरच्या बाकी नातलगांची, तपासायला."

 मग बाई म्हणाल्या, "थुंकी न्याले पुन्याहून आल्या? अवो माय, इथी त रस्त्यानं फुकट पडली हाय." ड्रायव्हरसकट सगळी जीप हसली. उतरेपर्यंत मी 'थुंकीवाल्या मॅडम' झाले होते. पुण्यात एवढ्या वेळात शेजाऱ्यानं माझं नावही विचारलं नसतं, आणि त्या दिवशी तेच मला बरं वाटलं असतं. थकलेल्या माणसाला आपुलकीचाही त्रास होतो.

गुरुजींचं घर

घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी शांताबाई, आणि दोन मुली. थोरली सुजाता, वय तिशीच्या आसपास, पण तिला सगळे बेबीच म्हणतात. धाकटी संघमित्रा, घरात मित्रा, बी.एस्सी. होऊन दर्यापूरला मुलांच्या शिकवण्या घेते.

बेबीनं दारातच माझा डबा पाहिला आणि दोन्ही हातांनी धरला. कपाळ मागे उतरलेलं, डोकं ओंजळीत मावेल असं वाटावं इतकं छोटं, केसांना तेल लावून घट्ट वेणी, आणि हसणं असं की माझा शीण जरा ओशाळला. शब्द तिला मोजके येतात. "माहा," ती डब्याला म्हणाली.

"देऊन टाका, नाईतर जेवू देनार नाई," शांताबाई म्हणाल्या. मी नळ्या काढून घेतल्या आणि डबा देऊन टाकला.

चहा आला, खारट. या पट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं. प्यायचं पाणी वेगळं आणतात, पण त्या दिवशी ते संपलं होतं. शांताबाईंनी दोनदा माफी मागितली आणि मी दोनदा चहा प्याले. जेवायला ज्वारीची भाकर, चून, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे ज्याला पिठलं म्हणतात त्याचा चून हा दणकट भाऊ, आणि त्याच्यावर सांभार भरपूर. या वेळी मी नाही म्हटलं नाही.

जेवल्यावर निकाल सांगायला बसलो. गुरुजींना सगळं मुळापासून हवं होतं. मी सांगितलं: गर्भात मेंदूच्या मूळ पेशी आधी आपल्यासारख्याच पेशी करत राहतात, एकीच्या दोन, दोघींच्या चार. मग केव्हातरी त्या वळतात आणि विचार करणाऱ्या पेशी बनवायला लागतात. वळायला जितका उशीर, तितका मेंदू मोठा. माणसात हा उशीर माकडांहून जास्त आहे. तो उशीर सांभाळणारी काही जनुकं आहेत, आणि बेबीत त्यांतलं एक बंद आहे.

"म्हंजे बियान्यासारखं," गुरुजी म्हणाले. "आधी बियानं वाढवत ऱ्हायचं, खायाले मंग काढायचं. खायाची घाई झाली की कनगी रिकामी."

मी इतकी वर्षं वर्गात फळ्यावर गोल काढत होते. आता बियाणंच सांगणार आहे.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारू काय? गावात एक जन म्हनत होता, अशी लेकरं म्हंजे माकडाकडे वापस गेलेली. तुमच्या पुस्तकातई तसं लिवलं असते म्हने."

मला राग आला. त्या कोणा एकाचा आला, आणि आमच्या निबंधांचाही आला, कारण त्यांत खरंच लिहिलेलं असतं की या मेंदूचा आकार आदिमानवाच्या मेंदूएवढा. "गुरुजी, खोटं आहे ते," मी म्हणाले. "माकडाचा मेंदू माकडाच्या जागी पूर्ण असतो. बेबीचा मेंदू माणसाचा आहे. लहान आहे, एवढंच. कोणी मागेबिगे जात नाही." शांताबाई बेबीकडे पाहत होत्या. त्यांना पहिलं काहीच कळलं नसावं, हे मात्र नेमकं कळलं. पदरानं त्यांनी डोळे पुसले आणि भांडी उचलली.

पुढचा भाग अवघड. प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. घराच्या दोन किल्ल्यांसारख्या, एक मोडली तरी दार उघडतं. गुरुजींची एक मोडकी, शांताबाईंची एक मोडकी, बेबीच्या वाट्याला दोन्ही मोडक्या आल्या. मित्राकडे एक चांगली, एक मोडकी.

"मंग हिच्या लग्नाचं?" गुरुजींचा प्रश्न तयारच होता. लग्न ठरलं होतं, सोयाबीनचे पैसे हातात आले की करायचं होतं. निकालाची वाट ते यासाठीच पाहत होते.

"मुलगा बाहेरचा असेल तर काळजीचं कारण नाही," मी म्हणाले. "त्याच्याकडे हीच किल्ली मोडकी असण्याचा संभव अगदी कमी."

"बाहेरचाच हाय. अकोल्याचा."

"नात्यातला नाही ना?"

"छ्या! नात्यात कसं होईन?"

मित्रा म्हणाली, "अकोल्याची आत्या तर दिवसातून दोन फोन करून राहिली, निकाल काय लागला म्हनून." मी मान डोलावली. आमच्याकडेही जुन्या बायका सासूला आत्याबाई म्हणत. माझ्या आईनं जन्मभर तेच म्हटलं, आणि तिची सासू तिची कोणी लागत नव्हती. होणाऱ्या सासूला ही मुलगी आत्तापासून आत्या म्हणते, चांगली रीत आहे, असा विचार करून मी सुस्कारा सोडला. शांताबाईंनी माझ्या तोंडात साखर घातली. सगळं घर हलकं झालं, आणि मी बाजेवर आडवी पडून दुपारभर घोरले.

दुसरी सकाळ

सकाळी अंगणात शांताबाई बेबीची वेणी घालत होत्या. बेबीचं बालपण सांगत होत्या. "दूध ओढता ये नाई तिले. आत्यानं वाचवली. चमच्यानं पाजे, रातदिस मांडीवर घेऊन बसे."

"कोण, तुमच्या सासूबाई?"

"हाव. आत्याच ते. माह्या बापाची बहीन."

माझ्या हातातला चहा थांबला. "बहीण म्हणजे, सख्खी?"

"सख्खी नाई त काय बाजारातली?"

मी गुरुजींना हाक मारली. म्हटलं, "गुरुजी, तुमची आई आणि यांचे वडील सख्खे बहीणभाऊ?"

"हो."

"अहो, मग आमच्या फोनवर नात्यात लग्न नाही असं का सांगितलंत? मी काल विचारलं, तेव्हाही नाही म्हणालात!"

गुरुजींना माझा प्रश्नच कळेना. "नातं म्हंजे भावकी, मॅडम. एका कुयातले, एका आडनावाचे. त्याईत लग्न कसं करता येईन? ते त पाप. हे सोयरे झाले. मामाच्या पोरीवर त पोराचा हक्कच असते. तिले कोनी नातं म्हनते काय?"

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्यांनी आपला शब्द विचारला होता आणि सांगणाऱ्यांनी आपला अर्थ सांगितला होता. आमचे आकडे बरोबर होते, घरचेही बरोबर होते, आणि कोथिंबिरीचा सांभार झाला होता. पण मला एकदम कालचं दुसरंच बोलणं आठवलं.

"आणि अकोल्याची आत्या?" मी विचारलं.

"माही बहीन," गुरुजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. विज्ञान शिकवलेला माणूस. मला पुढे काही सांगावं लागलं नाही. मोडकी किल्ली त्यांना त्यांच्या आईकडून आली असणार, तर ती बहिणीलाही आलेली असू शकते, आणि बहिणीच्या मुलालाही. आणि दोघांकडेही असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका. कालची साखर मीच खाल्ली होती. मी म्हटलं, "मुलाची तपासणी केल्याशिवाय मी काल बोलले ते धरू नका. माझ्या ऐकण्यात चूक झाली."

 वेणी तशीच अर्धी राहिली. मित्रा मात्र उठून माझ्यासमोर आली.

"मॅडम, एक सांगा. मी बाहेरचा पोरगा केला त लेकराईले धोका नाई. बरोबर?"

"जवळजवळ नाही."

"तीन ठिकानं पाहून गेले मले. एकानं म्हनलं, लग्नाच्या दिवशी हिले घरात ठेवा. एकानं म्हनलं, मायबाप गेल्यावर हिचं काय ते आत्ताच लिवून द्या. तिसरा त तिले पाहूनच उठला. आत्याच्या सिद्धार्थनं तेवढं काईच विचारलं नाई. मीच विचारलं, त म्हने, बेबी त येईनच न आपल्यासंगं, तिले इथी कोन ठेवते?" ती बेबीकडे वळली. "तुमच्या विज्ञानात बाहेरचा चांगला. पन बाहेरचा बेबीले घेईन काय?"

 इतकी वर्षं मी या जनुकाचा अभ्यास करतेय. हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

अकोला

सिद्धार्थची तपासणी करायचीच, हे मित्रानंच ठरवलं. मी म्हटलं, लग्नाआधी होणाऱ्या सासरी कशी जाशील? ती म्हणाली, "सासरी कुठी जाऊन राहिली? आत्याकडे जाऊन राहिली." बेबी डबा सोडायला तयार नव्हती, म्हणून बेबीही निघाली. मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोहोचेपर्यंत मला बस लागली, आणि बेबीनं न सांगता माझ्या पाठीवर हात ठेवला. हातात हात, तोंडावर रुमाल, अशी आमची वरात आत्याच्या दारात.

आत्या म्हणजे गुरुजींचंच नाक, फक्त जास्त करारी. तिनं ऐकून घेतलं, आणि मग फुटली. "माह्या घरात खोट हाय म्हनता? माह्या मायनं आठ लेकरं वाढवली, एकाचंई डोकं लहान नाई! पुन्याहून येऊन आमची सोयरीक मोडता?"

"आत्या, कोणाची खोट नाही. प्रत्येकाच्या घरात काही ना काही मोडकी किल्ली असते. माझ्याही घरात असेल."

"मंग तुमची तपासली काय?"

तपासली नव्हती. मी तसं सांगितलं. ती जरा थंड झाली आणि चहा ठेवायला उठली. तपासणीआधी सिद्धार्थनं काही खायचं-प्यायचं नाही म्हटल्यावर पुन्हा तापली, की माझ्या पोराला माझ्याच घरात चहा नाही म्हणजे काय.

सिद्धार्थ इलेक्ट्रिकचं काम करतो, घरांची वायरिंग. शांत, थोडा अडखळत बोलणारा. आला तो आधी बेबीजवळ बसला. भिंतीला टेकून एक फळी होती, तिच्यावर बटणं आणि छोटे रंगीत दिवे. त्यानं ती बेबीसमोर ठेवली. ती आली की खेळायला म्हणून त्यानं बनवली होती, कित्येक वर्षांपूर्वी. बेबीनं बटणं दाबायला सुरुवात केली. टक, लाल. टक, हिरवा. डबा पहिल्यांदा तिच्या हातातून सुटला.

मी त्याला सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं नळी घेतली, पण तोंडाला कोरड पडलेली, थुंकी येईना. सगळे त्याच्याकडे टक लावून बसलेले, मग तर येणारच नाही. बेबीनं ते पाहिलं, जवळ आली आणि कसं थुंकायचं ते त्याला करून दाखवलं, थेट माझ्या चपलेवर. आत्यासुद्धा हसली. त्या हसण्यात नळी भरली, आणि बेबीचं लक्ष दिव्यांकडे आहे तोवर मी ती डब्यात घालून डबा परत घेतला.

निघताना आत्यानं माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली. म्हणाली, "काई निघालं त मले आधी नोका सांगू. पोरीले सांगजा. आयुष्य तिचं हाय." मला तिचा राग येऊन गेला होता, तो तिथेच संपला.

पुणे

आता आम्ही कोणालाही 'नात्यात लग्न आहे का' असं विचारत नाही. विचारतो, 'तुमची सासू लग्नाआधी तुमची कोण होती?' उत्तरं पटकन येतात, हसत येतात आणि खरी येतात. डॉक्टरीणबाईंना हे फार आवडलं. मला मात्र हा प्रश्न विचारताना दर वेळी ते अंगण दिसतं.

सिद्धार्थचा निकाल दिवाळीनंतर आला. पडद्यावर तेच अक्षर, त्याच जागी बदललेलं. आदिमानवापासून चिंपांझीपर्यंत जिथे कुठेच बदललेलं नाही, तिथे मामे-आते भावंडांत सारखं बदललेलं. मी पुन्हा पुन्हा तपासलं. मग डॉक्टरीणबाईंना शेजारी बसवून मित्राला फोन लावला.

तिला निकाल सांगितला. मागे कुठेतरी टक, टक असा आवाज येत होता. फळी अकोल्याहून गावी आली होती तर.

"चारातलं एक, असं म्हनल्या होत्या न तुमी?"

"हो. पण मित्रा, ते दर वेळी नव्यानं मोजायचं. गरोदरपणात लवकर तपासणी करता येते. आणि मूल नकोच असं ठरवलं, तर तोही..."

"मॅडम, मले समजते ते. बी.एस्सी. केलं हाय मी." तिनं श्वास घेतला. "कालच सिद्धार्थ आनि मी बसलो होतो. निकाल काईबी येवो, लेकराचं मंग पाहू, नाई झालं तरी चालते, असं ठरलं. मी लेकराचं नाई सांगून राहिली तुमाले."

"मग?"

"चारातलं एक म्हनता न? आमाले ते आधीच भेटलं. इथी बसून लाईट लावून राहिलं हाय."

मी काहीतरी बोलायचं म्हणून लग्नाची तारीख विचारली. ती तिनं सांगितली आणि म्हणाली, येताना तो डबा आना, बेबी रोज विचारते.